दुसऱ्या टिळकांची माउली

टिळक म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं ते सांगायला नको. पगडी, भरघोस मिशा आणि 1 ऑगस्टची भाषणस्पर्धा. आज ज्या टिळकांची गोष्ट सांगायची आहे ते हे नव्हेत. हे रेव्हरंड नारायण वामन टिळक. शाळेत 'जोड्या लावा'मध्ये आपण त्यांच्यासमोर 'फुलामुलांचे कवी' लिहिलं, एक मार्क खिशात टाकला आणि पुढे गेलो. घरी विचारलंत तर आजी-आजोबांना त्यांची 'केवढे हे क्रौर्य' ही पक्षिणीची कविता अजून पाठ असेल, आणि ती म्हणताना त्यांचा आवाज जरा हललाही असेल. पण आयुष्याच्या शेवटच्या चोवीस वर्षांत या माणसाने मन लावून जे लिहिलं, ते पाठ्यपुस्तकात नाही. ते चर्चमध्ये गायलं जातं.

आणि चर्चमधलं मराठी गाणं आपल्याला, म्हणजे डहाणू-तलासरीकडच्या पोरांना, काही नवीन नाही. डहाणूत ब्रदरन मिशनचा दवाखाना आहे, तलासरीत जेज्विट फादरांची ज्ञानमाता आहे. सकाळच्या लोकलमध्ये शेजारी बसणारा, प्रॅक्टिकलला पार्टनर असणारा कुणीतरी ख्रिस्ती असतोच. त्याच्या बहिणीच्या लग्नाला, घरच्या प्रार्थनेला, कधी कुणाच्या मयतीला तुम्ही गेलेले असता. पेटी-ढोलकीवर गाणं सुरू होतं. चाल ओळखीची वाटते, शब्दही ओळखीचे. दास, चरण, कृपा, माउली. अशा वेळी डोक्यात साधारण दोनच विचार येतात. एक, अरे हे तर आपलंच, शेवटी सगळं एकच. दोन, अरे हे तर आपलं उचललं. पहिला विचार दिलदार वाटतो, दुसरा चिडका. पण दोन्हींत एक गोष्ट सारखीच आहे. समोरचा गाणारा काय मानतो, हे आपण त्याला विचारलेलंच नसतं.

टिळकांच्या वाट्याला हे दोन्ही आले, आणि तिसरा एक प्रकारही आला. म्हणून त्यांची गोष्ट.

जन्म 6 डिसेंबर 1861, दापोली तालुक्यातलं करजगाव. घर चित्पावन ब्राह्मणाचं. वडील सरकारी नोकरीत, स्वभावाने कडक. आई जानकीबाई भक्तीत रमणारी, आणि ती टिळक लहान असतानाच गेली. पोरगा नाशिकला गेला, तिथे गणेशशास्त्री लेल्यांकडे संस्कृत शिकला, थोडं इंग्रजी शिकला. पुढे बायको आणि कविता सोडल्या तर काहीच कायम नाही अशी अवस्था. बायको म्हणजे नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका, लग्नानंतरच्या लक्ष्मीबाई. लग्नात त्यांचं वय अकराच्या आसपास. टिळक कधी शिक्षक, कधी पुराणिक, कधी छापखान्यात कंपोझिटर. न सांगता घर सोडायचे, वाटेल तिथे जायचे, महिन्यांनी उगवायचे. लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' वाचलं नसेल तर लायब्ररीतून आजच काढा. नवऱ्याचं इतकं प्रेमळ आणि इतकं निर्दय चित्र मराठीत दुसरं नसेल.

नागपूरला टिळकांना आप्पासाहेब बुटी यांच्याकडे आधार मिळाला, संस्कृत ग्रंथांचं काम मिळालं. याच काळात त्यांच्या डोक्यात एक खूळ शिरलं होतं. या देशाला नवा धर्म हवा. देव पिता, माणसं भावंडं, जातपात नाही. तो धर्म आपणच काढावा असंही त्यांना वाटत होतं. असं वाटण्याचं एक वय असतं, तेव्हा हसू नका. 1893 च्या सुमाराला ते रेल्वेने राजनांदगावला निघाले. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटला. गप्पा संस्कृत कवितेवरून सुरू होऊन धर्मावर गेल्या. उतरताना त्याने नव्या कराराची प्रत हातात ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. टिळकांनी पुस्तक घेतलं ते शिष्टाचार म्हणून. मग पेन्सिल घेऊन खुणा करत वाचायला बसले आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. जो धर्म स्थापायचं ते ठरवत होते, तो त्यांना तिथे आधीच लिहिलेला दिसला.

10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत, अमेरिकन मिशनच्या चर्चमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मुंबईत त्यांचा संबंध आला तो रेव्हरंड जस्टिन ॲबट या अमेरिकन मिशनऱ्याशी. पण बाप्तिस्मा दिला तो रेव्हरंड तुकाराम नथोजी यांनी. गोऱ्या माणसाच्या हातून नको, आपल्याच माणसाच्या हातून हवा, हा टिळकांचा हट्ट. आणि त्या माणसाचं नाव तुकाराम. कादंबरीत कुणी असं लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, जरा जास्तच झालं.

या निर्णयाची किंमत काय होती, ती आज पटकन कळणार नाही. बायको गेली, लहान मुलगा गेला. मरण पावले नाहीत, माहेरच्यांनी नेले. लक्ष्मीबाईंच्या दृष्टीने नवरा जिवंत असून नव्हता. काही काळ त्या नातेवाइकांबरोबर पंढरपुरात राहिल्या. म्हणजे बघा, इकडे टिळक तुकोबांच्या शब्दांत ख्रिस्ताला हाक मारायला शिकत होते, आणि तिकडे लक्ष्मीबाई तुकोबांच्या विठोबाच्या गावात नवरा परत यावा म्हणून रडत होत्या. काही वर्षांनी त्या टिळकांकडे परत आल्या, पण आपलं सोवळं घेऊन. ते गळायला वेळ लागला. कुणी जबरदस्ती केली नाही. 1900 साली त्यांनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला.

आता गाण्याकडे येऊ. अमेरिकन मराठी मिशनचे लोक मुंबईत आले 1813 साली आणि अहमदनगरला पोचले 1831 साली. नगरचं नाव आता अहिल्यानगर झालं, पण या गोष्टीत ते नगरच राहू द्या. टिळक नगरला आले तोवर मिशनला कित्येक दशकांचा सराव होता आणि चर्चमध्ये मराठी गाणी होतीच. अडचण अशी, की त्यांतली बरीचशी परदेशी गीतांची भाषांतरं होती आणि तिकडच्याच चालींवर बसवलेली. तिकडच्या चालीत ठोका ठरावीक जागी येतो. मराठी शब्दात जोर ऱ्हस्व-दीर्घावर असतो. त्यामुळे होतं काय, की चाल वाचवायची तर शब्द मोडतो आणि शब्द वाचवायचा तर चाल लंगडते. इंग्रजी पॉपच्या चालीवर कुणी मराठी शब्द कोंबलेलं रील तुम्ही पाहिलं असेल. तसंच, फक्त भक्तिभावाने.

टिळकांनी हातात घेतला अभंग. त्याचं गणित सोपं आहे. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं. दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याचं यमक. छोट्यात आठ-आठ. लघुगुरूची कटकट नाही, त्यामुळे बोलता बोलता माणूस गाऊ शकतो. ओवीही घेतली, रागदारीतली पदंही घेतली. नगरच्या ख्रिस्ती मंडळींत कीर्तन त्यांच्याआधीच सुरू झालं होतं. कृष्णराव सांगळे हे त्यातलं मोठं नाव. टिळकांनी त्या कीर्तनाला उत्तम कविता दिली. 1904 साली ते रीतसर पाळक झाले. पुढे 1842 पासून चालत आलेल्या 'ज्ञानोदय'चा मराठी विभाग 1912 पासून मरेपर्यंत त्यांनी सांभाळला. मराठी प्रोटेस्टंट मंडळींचं 'उपासना संगीत' उघडलंत तर पानामागून पान टिळकांचंच नाव दिसतं. शंभरावर गीतं त्यांची. त्यांच्या घरात कोण कोण राहून गेलं हे सांगायला वेगळा लेख लागेल. बालकवी ठोंबरे त्यांतले एक.

तर आता तो शब्द. माउली.

वारकऱ्याच्या तोंडी माउली म्हणजे ज्ञानोबा. माउली म्हणजे विठ्ठलही. पुरुषदेव, पण विठाई. तिथे ही उपमा राहिलेली नाही, ते देवाचं नावच आहे. वारीत चालणारा अनोळखी माणूसही दुसऱ्याला माउली म्हणूनच हाक मारतो, कारण देव तिथवर पसरलेला आहे. टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हटलं. आपण ऐकतो आणि आपल्या कानात आपोआप पंढरपूर उभं राहतं. पण टिळकांच्या श्रद्धेत देव एक आणि तो पिता. ख्रिस्त त्याचा पुत्र. माउली हे तिथे देवाचं दुसरं नाव नाही आणि वेगळी देवीही नाही. ती त्या प्रेमाची जात आहे. बायबलमध्येच यशयाच्या ग्रंथात देव आईसारखं सांत्वन करतो, आणि येशू स्वतःला पिलांना पंखाखाली घेणाऱ्या कोंबडीची उपमा देतो. टिळकांनी मराठी कानाला ती ऊब पोचवणारा सगळ्यात जवळचा शब्द उचलला. ज्याची आई लहानपणीच गेली त्याने हा शब्द निवडला, हेही विसरू नका.

तिसरी माउली तर याहून लांबची. अमेरिकेत 1830 साली जोसेफ स्मिथ यांनी एक ख्रिस्ती पंथ काढला. जग त्यांना मॉर्मन म्हणतं. ते स्वतःला येशू ख्रिस्ताच्या उत्तरकालीन संतांची मंडळी म्हणवतात आणि आपल्याला त्याच नावाने ओळखावं अशी त्यांची इच्छा असते. पंथ निघाला त्याच वर्षी स्मिथ यांच्या पत्नी एमा यांच्याकडे गीतं निवडायचं काम आलं. म्हणजे देऊळ उभं राहायच्या आधी भजनाची वही. 1845 साली एलायझा स्नो या त्यांच्या कवयित्रीने एक गीत लिहिलं. त्यात स्वर्गातल्या पित्याबरोबर स्वर्गातली आई येते. बाहेरचा ख्रिस्ती माणूस ते ऐकून एक तर दचकतो किंवा ही उपमा असेल असं म्हणून सोडून देतो. दोन्ही चूक. त्या लोकांची श्रद्धा अशी, की माणूस जन्माआधीही देवाचं मूल म्हणून देवाकडे होता. आणि मूल आहे तर पिता आहे तशी आईही आहे, खरोखरची. ते गाणं म्हणजे घरापासून लांब आलेल्या मुलाचं घराकडे बघणं. हे तुम्हाला पटायला हवं असं नाही. बहुतेक चर्चना ही शिकवण मान्य नाही. पण पटो न पटो, गाण्याचा अर्थ तोच आहे, कारण गाणाऱ्याचा अर्थ तोच आहे. पंढरपूरच्या चष्म्यातूनही तो दिसत नाही आणि टिळकांच्या चष्म्यातूनही नाही.

एक शब्द, तीन घरं. सगळं एकच म्हणून टाकलं की तिन्ही घरं गेली.

असे शब्द टिळकांच्या गीतांत पावलोपावली भेटतात. जन्म घ्या. आपल्या संतांना पुन्हा जन्माला येण्याची भीती नसते. नामाचा आनंद मिळणार असेल तर मोक्षापेक्षा जन्म बरा, इथवर ते जातात. टिळक ज्या श्रद्धेत गातात तिथे जन्म एकदाच. मग नव्या जन्माची गोष्ट आली तर तो मेल्यानंतरचा नाही, ह्याच आयुष्यातला आहे. माणूस आतून बदलतो तो. तारण घ्या. ते जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटणं नाही, पापातून सुटणं आहे, आणि ते आपल्या कमाईने नाही तर दुसऱ्याने आपल्यासाठी किंमत मोजल्यामुळे. ख्रिस्ताशी एकरूप होण्याची भाषा टिळक भरभरून वापरतात. तिथे आपण लगेच अद्वैत म्हणतो. पण त्यांच्यामागे योहानाच्या शुभवर्तमानातली द्राक्षवेल आणि तिचे फाटे आहेत. फाटा वेलीवर जगतो, तिचा रस पितो, तरी तो वेल होत नाही.

आणि रक्त. ख्रिस्ती गीतांत रक्ताचा उल्लेख आला की आपल्यातले बरेच जण अवघडतात. कोकरू, रक्त, धुऊन निघणं. खरं तर डहाणू-तलासरीच्या पोरांना हे सगळ्यात आधी कळायला हवं. आपल्या पाड्यांवर देवाला कोंबडं वाहणं म्हणजे काय हे कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. ख्रिस्ती गीतातलं कोकरू ज्यूंच्या वल्हांडण सणातून येतं. मिसरच्या गुलामीतून सुटायच्या रात्री त्यांनी दाराच्या चौकटीला कोकराचं रक्त लावलं आणि मरण ते घर ओलांडून गेलं, अशी ती कथा. ख्रिस्ती श्रद्धा म्हणते, वधस्तंभावरचा येशू हे शेवटचं कोकरू. आता दुसरं नको. हे माहीत नसताना ते गाणं हिंसक वाटतं. माहीत झाल्यावर कळतं, की ते बळी थांबल्याचं गाणं आहे.

उलट्या बाजूने बघा. आपल्याकडच्या वारली लग्नात धवलेरी गाते. तिच्या गाण्याशिवाय लग्न लागत नाही. भिंतीवर चौक, चौकात पालघट. बाहेरून येणारा पाहुणा त्याचा फोटो काढतो, त्रिकोणांच्या माणसांना क्यूट म्हणतो आणि कापडी पिशवीवर छापून घेतो. धवलेरी देवीला बोलावत असते. त्याला फोक म्युझिक ऐकू येतं. तेव्हा आपल्याला राग येतो. यायलाच हवा. तोच राग आपण दुसऱ्याचं गाणं ऐकताना आठवावा, एवढंच. डहाणूत मिशन आणणारे ब्रदरन लोक घ्या. त्यांच्या मूळ परंपरेत प्रीतिभोजनाच्या वेळी मंडळीतले लोक खरोखर एकमेकांचे पाय धुतात, कारण येशूने शेवटच्या रात्री शिष्यांचे धुतले होते. अशा मंडळीच्या गाण्यात पाय आले तर ते आपल्या चरणांसारखे वंदन करायचे पाय नसतात. ते धुवायचे असतात, तेही बरोबरीच्या माणसाचे.

शब्द एका घरातून दुसऱ्या घरात जाणं काही टिळकांपासून सुरू झालं नाही. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेज्विटाने गोव्यात 1616 साली 'ख्रिस्तपुराण' छापलं, ओवीत. स्वर्गाला त्याने वैकुंठ म्हटलं. विष्णू नसलेलं वैकुंठ! कोकणातल्या बेने इस्राएलींनी, म्हणजे आपल्या शनिवार तेल्यांनी, मराठीतून ज्यू कीर्तनं केली. भाषा कुणाच्या मालकीची नसते हे मला पटतं, म्हणून उचललं हा आरोप मला लंगडा वाटतो. पण शब्द उचलला की जबाबदारी येते, हेही खरं. आणि इथे टिळकांशी माझं जरा भांडण आहे.

टिळक सांगत, की आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो ते तुकारामांवरून, पुलावरून पलीकडे जावं तसे. हिंदू संत म्हणजे भारतीय ख्रिस्ती माणसाचा पहिला जुना करार, असंही ते मानत. त्या काळात हे म्हणायला धाडस लागत होतं. कित्येक मिशनऱ्यांना हिंदू संतांत घेण्यासारखं काही दिसतच नव्हतं, तिथे टिळक त्यांना शास्त्राची जागा देत होते. पण जुना करार म्हणजे काय? तयारी. पुढे येणार त्याची चाहूल. आणि पूल कशासाठी असतो? ओलांडण्यासाठी. देहूच्या माणसाला जाऊन सांगा, की तुमचे तुकोबा हा छान पूल आहे. त्याच्या दृष्टीने तुकोबा कुठेही नेत नाहीत. पोचले ते तिथेच. ज्यू माणसालाही त्याच्या ग्रंथांना जुना करार म्हटलेलं खटकतं, कारण त्याच्यासाठी ते जुनं नाही आणि त्यानंतर नवं काही यायचंही नाही. टिळकांनी तुकारामांवर प्रेम केलं याबद्दल शंका नाही. पण तुकारामांना तुकारामांच्या श्रद्धेतून वाचलं का, तर माझ्या मते पूर्ण नाही. स्वतःच्या गीतांसाठी जो न्याय त्यांना हवा होता, तो त्यांनी तुकोबांना अर्धाच दिला.

त्यांच्याच वर्तुळातल्या एकाने तो जास्त दिला असं मला वाटतं. तेच जस्टिन ॲबट. म्हातारपणी अमेरिकेत बसून त्यांनी मराठी संतकवींच्या इंग्रजी भाषांतरांची मालिका काढली. एकनाथ, तुकाराम, रामदास, महिपती. 1929 साली संत बहिणाबाईंचं आत्मचरित्र आणि अभंग. ब्राह्मण घरची बाई, शूद्र तुकोबांना गुरू मानते, नवरा मारतो, तरी सोडत नाही. तिला शेवटी ख्रिस्ताच्या दारात नेऊन उभं करण्याचा मोह एखाद्या मिशनऱ्याला सहज झाला असता. ॲबटच्या पुस्तकात बहिणाबाई विठोबाचीच राहते. ॲबट टिळकांसारखे कवी नव्हते, हाही कदाचित फायदाच झाला. कवीला दुसऱ्याच्या ओळीत स्वतःचं काही दिसल्याशिवाय राहवत नाही.

पण टिळकांचं श्रेय इथे संपत नाही, कारण अर्धा न्याय देणारा माणूस स्वतः दोन्हीकडून मार खात होता. हिंदू नातेवाइकांना हा बाटलेला वाटे. चर्चमधल्या अनेकांना अजून पुरता न बाटलेला. हाच तो तिसरा प्रकार म्हटला होता. आपल्याच घरातल्यांनी आपलं गाणं परकं समजून ऐकणं. ज्यांचा धर्म तोच, त्यांनाही अभंगाच्या चालीत पंढरपूरच ऐकू यायचं आणि भीती वाटायची. टिळक हट्टाला पेटले. 1917 साली मिशनची पगारी नोकरी सोडली. साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला, भगवी वस्त्रं घातली, संन्यास जाहीर केला. ख्रिस्ती संन्यासी! दरबारात बाप्तिस्मा घेतलेले येऊ शकत होते तसेच न घेतलेलेही, ख्रिस्ताचे शिष्य म्हणून. हे मात्र चर्चमधल्या बऱ्याच मंडळींना झेपलं नाही, आणि त्यांच्या बाजूनेही विचार करायला हवा. बाप्तिस्म्यासाठी त्यांतल्या कित्येकांनी घरदार, जात, हक्काची शेती सोडली होती. ती पायरी ऐच्छिक आहे असं आता कुणी सांगितलं, तर आपण सोडलं ते कशासाठी, हा प्रश्न त्यांना पडणारच. टिळकांनीही तेवढंच सोडलं होतं, हे त्यांचं उत्तर असू शकतं. दरबाराला दोन वर्षंही नीट मिळाली नाहीत.

9 मे 1919 रोजी मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलमध्ये टिळक गेले. सत्तावन्न वर्षांचे होते. इच्छेप्रमाणे त्यांचं दहन झालं आणि अस्थी नगरला नेल्या. ख्रिस्ती पाळकाचं दहन म्हणजे त्या काळात जाता जातासुद्धा दोन्ही बाजूंना बुचकळ्यात टाकणं. त्याच वर्षी निकोल मॅकनिकॉल यांचं मराठी संतांच्या अभंगांचं इंग्रजी पुस्तक निघालं. टिळकांच्या काही गीतांची भाषांतरंही याच मॅकनिकॉलांनी केली, आणि ती पुढे इंग्रजी गीतसंग्रहांत गेली. परदेशातल्या चर्चमध्ये लोक ती गातात तेव्हा त्यांच्या कानात पंढरपूर नसतं आणि अभंगही नसतो. त्यांना फक्त ख्रिस्त ऐकू येतो. टिळकांना तेवढंच चाललं असतं का, असा विचार माझ्या मनात येतो. मला वाटतं, नसतं चाललं. त्यांना मराठीच्या आतला ख्रिस्त हवा होता.

मागे एक अपुरं काम राहिलं होतं, 'ख्रिस्तायन'. ख्रिस्ताचं चरित्र ओवीत लिहायला टिळकांनी 1909 च्या सुमाराला घेतलं आणि पहिले काही अध्याय करून ते तसंच राहिलं. ते पूर्ण कोण करणार? पंढरपुरात राहून आलेली, सोवळं पाळून थकलेली आणि मग आपल्या पायाने चालत या श्रद्धेत आलेली एकच व्यक्ती घरात होती. माउली हा शब्द दोन्ही घरांत राहून ऐकलेली. लक्ष्मीबाई टिळकांनंतर ख्रिस्ती कीर्तनं करत फिरल्या, 'स्मृतिचित्रे' लिहिली, आणि 1936 च्या 24 फेब्रुवारीला जाण्याआधी 'ख्रिस्तायना'चे 64 अध्याय लिहून काढले. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. अक्षर गिरवायला लग्नानंतर टिळकांनीच शिकवलं होतं, रागावत, पुस्तक फेकत.